‘सात नंबर गेला’ आणि मला काहीच वाटलं नाही

यावेळचं पत्र आयसीयूतल्या एका स्टाफ नर्सचं आहे. वय ३४, नोकरीला ९ वर्षं झालीत, नाव छापू नका म्हणालीय, म्हणून नाव नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला मुख्य भाग तेवढा देते. (‘सात नंबर’ म्हणजे सात नंबरच्या बेडवरचा पेशंट. ‘ट्यूब’ म्हणजे श्वासासाठी घशातून टाकलेली नळी, ती असताना बोलता येत नाही. ‘हँडओव्हर’ म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट पुढच्या नर्सला सोपवणं.)

“ताई, गेल्या महिन्यात आमच्याकडे सात नंबर गेला. न्यूमोनिया होता, दुपारी ट्यूब टाकली, रात्री गेला. त्याची बायको माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ट्यूब टाकायच्या आधी काही बोलले का हो ते? मी म्हटलं माहीत नाही, आणि ट्रॉली घेऊन पुढे गेले. खरं सांगू का, तेव्हा डोक्यात एवढंच होतं की हँडओव्हरच्या आधी बेड साफ होईल का. रडू नाही, वाईट वाटणं नाही, उलट एक पेशंट कमी झाला म्हणून हायसं वाटलं. तीन दिवसांनी अंघोळ करताना एकदम आठवलं की तो बोलला होता. ‘सिस्टर, किती वाजले’ असं विचारलं होतं त्याने आणि मी चार वाजून दहा मिनिटं असं सांगितलं होतं. आमच्याकडे भेटायची वेळ पाचची, ट्यूब साडेचारला पडली. तेव्हापासून झोप उडालीय. नवरा म्हणतो घरात सगळ्यांवर खेकसतेस. मैत्रिणी म्हणतात अगं सगळ्यांचंच असं होतं, इतक्या वर्षांत माणूस निबर होतोच. पूर्वी मला एका शिफ्टला व्हेंटिलेटरचे दोन पेशंट असायचे, आता चार असतात. मी दगड झालेय का? की मी या कामाच्या लायकच नाही? हे बर्नआउट म्हणतात ते आहे का? आणि त्या बाई कागद घ्यायला पुढच्या आठवड्यात येणारेत, त्यांच्यासमोर जाऊ की टाळू?”

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. मीही २२ वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काढलीत, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला कुठेही थांबून अर्थ लावावा लागला नाही. सात नंबर म्हणजे काय ते मला माहितीये. आणि हायसं वाटणं म्हणजे काय तेही माहितीये, ते तू लिहिलंस हे फार बरं केलंस कारण बहुतेक जणी तेवढंच लपवतात.

आधी दगडाचं बघू. दगड झालेल्या बाईला तीन दिवसांनी अंघोळ करताना ‘किती वाजले’ आठवत नाही. तुझ्यात ते सगळं आहे, फक्त ते उशिरा आणि चुकीच्या ठिकाणी वर येतंय, वॉर्डात जिथे यायला हवं तिथे दार बंद आणि घरी बाथरूममध्ये दार उघडं. हे मला जास्त काळजीचं वाटतं आणि जास्त आशेचंही वाटतं, दोन्ही एकदम.

आता बर्नआउट. हा शब्द आपल्याच लोकांमधून आलाय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, लोकांना वाटतं हा ऑफिसवाल्यांचा, लॅपटॉपवाल्यांचा शब्द. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे एक मानसतज्ज्ञ होते, दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात फुकट काम करायचे, आणि तिथले स्वयंसेवक आणि ते स्वतः हळूहळू कसे विझत गेले ते त्यांनी १९७४ साली लिहून काढलं. त्यांनी एक गोष्ट तेव्हाच म्हणून ठेवलीय की हे होतं ते जीव ओतून काम करणाऱ्याला. म्हणजे तुझ्या ‘मी लायक नाही का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच देऊन झालंय. जी बाई पहिल्या दिवसापासून घड्याळ बघून काम करते ती जळत नाही, तिच्यात जळायला काही नसतंच (हे जरा खडूसपणे म्हटलं, पण तुझ्या डोळ्यांसमोर आत्ता कोण आलं ते मला कळलंय).

पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी हे मोजायची प्रश्नावली काढली आणि तेव्हापासून तीन गोष्टी धरल्या जातात: आतून पूर्ण रिकामं होणं, ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं वस्तूंसारखी वाटायला लागणं, आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या यादीत बर्नआउट घातलंय, ती यादी २०२२ पासून लागू आहे, पण तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी संबंधित स्थिती म्हटलंय, कामाच्या जागेवरचा ताण बराच काळ नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी. कामाशी संबंधित, हे शब्द मनात धरून ठेव, पुढे लागणार आहेत.

पण ही झाली पुस्तकातली व्याख्या. व्याख्येत बसेपर्यंत माणूस बराच पुढे गेलेला असतो. तू विचारतेयस ते आधीचं, सुरुवातीचं, आणि ते फार बारीक बारीक असतं, आणि गंमत म्हणजे थकवा त्यात पहिला नसतोच. थकलेले तर आपण सगळेच असतो. थकव्याची परीक्षा सोपी आहे, दोन दिवस सलग ऑफ मिळाला, झोप झाली, की थकवा उतरतो. दोन दिवस झोपूनही तिसऱ्या दिवशी युनिफॉर्म हातात घेतल्यावर पोटात गोळा येत असेल तर ते निव्वळ थकणं नाही. आणि त्याच्याही आधीची पायरी म्हणजे ऑफच्या दिवशी दुपारीच उद्याची ड्युटी सुरू होणं, म्हणजे घरात आहेस पण अर्ध्या दिवसानंतर सुट्टी संपल्यासारखीच वाटते.

मला विचारशील तर सगळ्यात आधी जातं ते कुतूहल. पूर्वी पेशंट आला की आपण केस पेपरमधल्या चार ओळींच्या पलीकडे काहीतरी विचारायचो ना, काय काम करता, हाताला ही खूण कसली, सोबत कोण आलंय. त्याने ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडत नव्हता, पण विचारायचो. ते बंद होतं. मग नावं जातात. बेड नंबर सगळेच म्हणतात, हँडओव्हरला सोयीचं असतं, त्यात काही पाप नाही, पण पूर्वी सात नंबर म्हणताना डोक्यात चेहरा असायचा आणि आता सात नंबर म्हणताना डोक्यात फक्त औषधाचे पंप आणि ड्रेनच्या नळ्या असतात. हा फरक बाहेरून कुणालाच दिसत नाही. तुझा तुलाच दिसतो, तोही तू बघितलास तर.

मग चार्टिंग. मागच्या शिफ्टच्या नोट्स बघून तेच शब्द पुढे उतरवणं, ‘पेशंट कम्फर्टेबल’ असं लिहिणं आणि लिहून झाल्यावर लक्षात येणं की आपण शेवटचं त्याच्याकडे बघितलं त्याला तास झाला. मग बेल. बेल वाजली की उठायच्या आधी एक शिवी मनात येते. पूर्वी नातेवाईक तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायचे तेव्हा घाबरलेत बिचारे असं वाटायचं, आता वाटतं मुद्दाम छळतायत. मग विनोद. आयसीयूतले विनोद काळे असतातच आणि ते असावेतही, त्यावरच आपण तरतो, पण एक दिवस असा येतो की विनोदावर हसू येत नाही आणि तरी तू तो करतेस, जरा जास्तच बोचरा करतेस, आणि नवीन आलेली मुलगी गप्प होऊन तुझ्याकडे बघते. नवीन मुलींचे चेहरे बघत जा. त्यांना अजून सवय झालेली नसते, त्यामुळे त्यांना दिसतं.

आणि ड्युटी संपल्यावर पार्किंगमध्ये बसून राहणं. हे मी स्वतः केलंय, महिनोन्महिने. चावी हातात, गाडी बंद, वीस मिनिटं तशीच. घरी जायचं नसतं म्हणून नव्हे, घरी कुणीतरी काहीतरी मागेल आणि आपल्याकडे द्यायला काही नाही हे माहीत असतं म्हणून. नवऱ्याला ‘खेकसतेस’ वाटतं ते हेच आहे, दिवसभर बारा तास सगळ्यांशी नीट बोलून उरलेला शेवटचा थेंबही संपलेला असतो आणि मग घरचे जे काही विचारतात त्याला आवाज चढतो. त्याला हे सांग. माफी मागायची म्हणून नको सांगू, माहिती म्हणून सांग, की घरी आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नका. पुष्कळ घरांत एवढ्याने निम्मी भांडणं थांबतात.

शरीर तर सांगतच असतं, आपणच ऐकत नाही. घरी फ्रीज गुणगुणला तरी मॉनिटरचा अलार्म ऐकू येणं, दर पंधरा दिवसांनी सर्दी, जबडा आवळून झोपल्यामुळे सकाळी दुखणारे कान, ड्युटीच्या आधीच बिघडणारं पोट. तू एखाद्या पेशंटची युरिन आउटपुट तासातासाला लिहितेस आणि स्वतः शेवटची बाथरूमला कधी गेलीस ते तुला सांगता येत नाही. हसू नकोस, सांग बरं परवाच्या शिफ्टला कधी गेली होतीस.

एक मात्र मला ठामपणे सांगायचंय कारण यात फार गल्लत होते. मैत्रिणी म्हणतात निबर होतोच माणूस. त्यांचं अर्धं बरोबर आहे. अरेस्ट झालाय, म्हणजे हृदय थांबलंय, तू छातीवर दाब देतेयस, तेव्हा ‘याची मुलगी बाहेर उभी आहे’ हे डोक्यात येऊन चालणारच नाही, तेव्हा माणूस बाजूला ठेवून छाती, हृदयाचा रिदम आणि दोन मिनिटांचं सायकल एवढंच बघायचं असतं. हे आपल्याला शिकवलंय आणि ते कौशल्य आहे, दोष नाही. पण ते खटक्यासारखं असायला हवं. काम झालं की परत खटका वर. सीपीआर थांबवल्यावर पाच मिनिटांनी, तासाने, निदान रात्री घरी गेल्यावर तरी माणूस परत यायला हवा. तुझा खटका खालीच अडकलाय आणि तो कधी अडकला ते तुला आठवत नाही. निबर होणं आणि बर्नआउट यातला फरक माझ्या मते एवढाच आहे, आणि ‘सगळ्यांचंच असं होतं’ हे वाक्य त्यावर पांघरूण घालतं. सगळ्यांचं होत असेल तर सगळ्यांनाच झालंय, त्याने ते बरं कसं होईल?

माझं सांगते. अकराव्या की बाराव्या वर्षी, सलग पाचवी नाइट होती, पहाटेची वेळ, नॉरअ‍ॅड्रिनलिनची (हे बीपी वाढवायचं औषध) सिरिंज बदलली आणि औषध सोडणाऱ्या पंपावर २.५ च्या जागी २५ टाकलं. स्टार्टवर बोट होतं. शेजारच्या बेडची सिस्टर माझ्याकडे टेप मागायला आली होती, तिने स्क्रीन बघितली, काही न बोलता माझं बोट बाजूला केलं आणि आकडा बदलला. पेशंटला काही झालं नाही. पण मला जे आठवतं ते आकड्याचं नाही. मला भीतीच वाटली नाही. हातपाय कापले नाहीत. ‘बरं’ म्हणाले आणि टेप दिली. त्या पेशंटचं बीपी कुठे गेलं असतं ते मला पुरेपूर माहीत होतं आणि तरी आत काही हललं नाही. माझी झोप उडाली ती दोन दिवसांनी, तुझ्यासारखीच. मी इन्चार्जला सांगितलं तर त्यांनी लेखी एक्सप्लनेशन मागितलं आणि पुढच्या आठवड्यात परत चार नाइट लावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

त्या पाच नाइटबद्दल मी आता वेगळा विचार करते. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा एक अभ्यास आला होता, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यावर होते तेवढी घसरते, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यावर होते तेवढी. तू सकाळी सातला उठतेस, दिवसभर घरचं करतेस, संध्याकाळी नाइटला जातेस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडी चालवत घरी येतेस, मोज बरं किती तास झाले. पिऊन आलेल्या माणसाला आपण पंपाला हात लावू देणार नाही. म्हणून आधी एक करायचं, नाइटच्या आधी दुपारी झोप, कितीही कामं असली तरी, आणि सलग नाइटनंतर गाडी स्वतः चालवायची नाही. बर्नआउट याने बरा होत नाही, पण बर्नआउट किती आणि नुसती झोपेची उधारी किती हे कळायला झोप आधी भरून काढावी लागते.

तुझ्या पत्रात अजून एक गोष्ट आहे जी तू जाता जाता लिहिलीस, दोनाचे चार. मला वाटतं तुझं मुख्य दुखणं तिथे आहे. चार व्हेंटिलेटर सांभाळताना कुणाच्या बायकोशी दोन मिनिटं बोलावं हे तुला कळत नव्हतं असं नाही, कळत होतं आणि करता येत नव्हतं. याला वेगळं नाव आहे, नैतिक क्लेश म्हणूया, अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगबद्दल लिहिताना ते मांडलं: योग्य काय ते माहीत आहे पण व्यवस्था ते करू देत नाही. हे रोज, वर्षभर झालं की मन एक सोपा मार्ग काढतं, योग्य काय ते बघणंच बंद करतं. तू ट्रॉली घेऊन पुढे गेलीस ते निर्दयपणाने गेली नाहीस, थांबली असतीस तर पाच नंबरचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ काढणं, राहिलं असतं.

म्हणूनच मला ती वेलनेसची सेशन्स बघून हसू येतं. माणसं कमी, ड्युट्या डबल, ऑफ कॅन्सल आणि उपाय काय तर शुक्रवारी अर्धा तास दीर्घ श्वास घ्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. श्वासाने नुकसान काही नाही, मीही करते, पण त्याला उपचार म्हणू नये. मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामाच्या जागेतल्या सहा गोष्टी सांगितल्यात ज्यांचं बिनसलं की माणूस जळतो: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. तू एका कागदावर हे सहा शब्द लिही आणि तुझं कुठे गळतंय ते बघ. सगळीकडे गळत असेल असं वाटतं पण नसतं तसं. माझं बोजापेक्षा जास्त न्यायावर गळत होतं, ड्युटी लिस्टमध्ये ठरावीक जणींना कधीच नाइट नसायची, आणि ते कळल्यावर काय मागायचं तेही कळलं. तुझं पत्र वाचून मला बोजा आणि मूल्यं दिसतायत, पण तू बघ.

मग मागायचं कसं. ‘मॅडम मला खूप स्ट्रेस होतोय’ असं जाऊन सांगितलंस तर मॅडम ‘सगळ्यांनाच होतो गं’ म्हणतील आणि विषय संपेल, त्यांच्यावरही वरून तेच असतं. त्याऐवजी एका महिन्याचा कागद घेऊन जा: कोणत्या तारखेला किती व्हेंटिलेटर, किती ड्युट्या लांबल्या, किती ऑफ गेले, आणि त्या दिवसांत काय काय राहून गेलं, कुशी बदलायची राहिली, औषध उशिरा गेलं. आणि मागणी एकच ठेव, दहा नको. नाइटनंतर सलग दोन ऑफ, किंवा दोन महिने एचडीयूत (आयसीयूपेक्षा हलक्या पेशंटच्या वॉर्डात) किंवा ओपीडीत बदली, किंवा तीनपेक्षा जास्त व्हेंटिलेटर आले की एक रिलीव्हर, म्हणजे मदतीला जादा नर्स. एकटी जाऊ नकोस, दोघीतिघी जा. पेशंट सेफ्टीचा कागद फाइलला लागतो, रडणं फाइलला लागत नाही, कटू आहे पण आहे तसं.

डॉक्टरकडे जा. हे मी नर्सला सांगतेय याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच सांगतेय. कॉरिडॉरमध्ये रेसिडेंटला गाठून ‘सर झोप लागत नाही काहीतरी लिहून द्या’ हे नको, आणि वॉर्डातल्या ट्रॉलीतून आपापली गोळी उचलणं तर अजिबातच नको, त्या वाटेने गेलेली चांगली माणसं मी बघितलीत. नीट केस पेपर काढून पेशंट म्हणून जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घे, कारण अ‍ॅनिमिया आणि थायरॉइडसुद्धा असंच दमवतात आणि आपण उगाच मनाला दोष देत बसतो. आणि डिप्रेशन आहे का ते त्यांना तपासू दे. ढोबळ फरक असा की बर्नआउट सुरुवातीला कामाला चिकटलेला असतो, सुट्टीवर गेलीस, चार दिवस फोन बंद, की जुनी तू थोडी थोडी दिसायला लागतेस. डिप्रेशन सोबत सुट्टीवर येतं. ज्या गोष्टी आवडायच्या त्याही नकोशा होणं, भूक आणि झोप बिघडणं, स्वतःला सतत दोष देणं, हे दोन आठवडे बहुतेक रोज असेल तर वाट बघायची नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून हा निर्णय तुझा नाही आणि माझाही नाही.

आणि सरळच विचारते, कारण आपल्यात कुणी विचारत नाही. मरावंसं वाटतं का? ‘उद्या ड्युटीवर जाताना अ‍ॅक्सिडेंट झाला तर बरं, निदान सुट्टी मिळेल’ असं येतं का मनात? हे दुसरं वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून हसत हसत ऐकलंय, आणि त्यातलं प्रत्येक वेळचं हसणं खरं नव्हतं. आपल्या लोकांच्या हाताशी औषधं असतात आणि डोसही माहीत असतो, म्हणून आपल्याकडे हे जास्त धोक्याचं. येत असेल तर हे पत्र पूर्ण वाचायचीही वाट बघू नकोस, आत्ता घरात जो जागा असेल त्याला सांग आणि आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर सरळ कॅज्युअल्टी गाठ.

राजीनाम्याचं तू विचारलं नाहीस पण ‘लायक नाही का’ यात तो लपलाय. आत्ता नको. खटका खाली अडकलेला असताना कुठलाच मोठा निर्णय घ्यायचा नाही, सोडायचाही नाही आणि प्रमोशनचा फॉर्मही भरायचा नाही. झोप भरून, तपासण्या होऊन, एकदा मागणी करून बघून, मग तीन महिन्यांनी स्वतःला विचार. तेव्हाही नकोच वाटलं तर सोड, त्यात हार वगैरे काही नाही. मी आयसीयू सोडलं, आधी डायलिसिसला गेले आणि मग शिकवायला, आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये एक ओळ वाढवली, की उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन. १९४८ ची प्रतिज्ञा, आणि ही ओळ घालायला जवळजवळ ७० वर्षं लागली. नर्सच्या ड्युटी लिस्टमध्ये कधी येते बघू.

तोवर एक छोटं काम दे म्हणशील तर दर शिफ्टला एका पेशंटला, चौघांना नाही, एकालाच, केस पेपरवर नसलेला एक प्रश्न विचार. बेशुद्ध असेल तर नातेवाईकाला विचार. आणि वॉर्डात कुणी गेलं की बेड साफ करायच्या आधी एक मिनिट तिथे उभी राहा. काही ठिकाणी सगळी टीम मिळून असं थांबते, डॉक्टरपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत. तुमच्याकडे नसेल तर तू एकटी थांब, चार व्हेंटिलेटर असले तरी एक मिनिट निघतं, मी घड्याळ लावून बघितलंय. पहिल्या काही वेळा काहीच वाटणार नाही, तरी थांब.

राहिल्या त्या बाई. टाळू नकोस. इन्चार्जना आधी सांगून ठेव, उगाच गैरसमज नको, आणि बाई आल्या की कागद देणाऱ्या खिडकीवर नको, बाजूला बसव. मोठं काही बोलायचं नाही, माफीचं भाषण तर नकोच, तुझं मन हलकं करायचं काम त्यांच्यावर टाकायचं नाही. फक्त सांग की तुम्ही विचारलं होतं तेव्हा मला आठवलं नाही, नंतर आठवलं. ट्यूब टाकायच्या आधी ते बोलले होते. त्यांनी किती वाजले ते विचारलं, मी चार वाजून दहा मिनिटं झालीत म्हणून सांगितलं. एवढंच सांगून थांब. भेटायची वेळ पाचची असते हे त्या बाईंना माहितीये.